सातबाऱ्यावरचा पक्षी

माझ्या माहेरी 'माळढोक' हे पक्ष्याचं नाव म्हणून कुणी वापरत नसे. ती शिवी होती. एखादं काम कचेरीत अडकलं, की आमचे अण्णा म्हणायचे, "लागला बघ माळढोक!" डी.पी. जळून आठ दिवस अंधार झाला, तरी माळढोक. ठरलेला पाहुणा ऐनवेळी आला नाही, तरी माळढोक. मी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मला वाटे, हा कुणीतरी वाईट डोळ्यांचा म्हातारा असावा आणि तो तालुक्याच्या गावी राहत असावा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या सोलापूर किंवा नगरकडच्या असतील (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) त्यांना हे वाचून हसू आलं असेल. बाकीच्यांना थोडं सांगायला हवं. माळढोक हा आपल्या माळरानावरचा पक्षी. चांगला मीटरभर उंच, आणि नर पंधरा किलोपर्यंत भरतो! उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतका वजनदार पक्षी जगात क्वचितच. डॉ. सलीम अली यांच्या मनात हाच आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असं होतं. मान मोराला मिळाला. मोर नाचतो, दिसतो, देवळाच्या शिखरावर बसतो. हा बिचारा गवतात उभा राहिला की गवताचाच होऊन जातो.

तर आमच्या घरच्या शिवीची गोष्ट अशी.

माझं माहेर माढा तालुक्यातलं. घरची अकरा एकर जमीन, त्यातली तीन एकर रस्त्याकडेचा माळ. मुरमाड, कुसळाचा. त्यात पावसाळ्यात शेरडं चरत, एरवी काहीच नाही. २००१ साली माझी थोरली बहीण, आमची अक्का, बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला डी. एड. करायचं होतं. आमच्या घरात शिकून मास्तरीण होणारी ती पहिली ठरली असती. पैशाची जुळणी होईना, तेव्हा अण्णांनी रस्त्याकडेचा तो माळ विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, इसार घेतला, आईनं घेणाऱ्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं. आणि चौथ्या दिवशी ते लोक इसार परत मागायला आले. जमीन म्हणे माळढोक अभयारण्यात आहे, कागद होणार नाही.

मग सुरू झाल्या फेऱ्या. तलाठी म्हणे तहसिलात जा, तिथं म्हणत वनखात्याचा ना-हरकत दाखला आणा, तिथले म्हणत साहेब दौऱ्यावर आहेत. अण्णा सकाळच्या गाडीनं जात आणि संध्याकाळच्या गाडीनं येत. आई गरम भाकरी ताटात वाढून गप्प बसे. विचारायची हिंमत कुणाला होती? डी. एड. ची मुदत टळून गेली. पुढच्या वैशाखात अक्काचं लग्न झालं, आणि त्यासाठी आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या गेल्याच.

मी तेव्हा चौदा वर्षांची. अक्काची वरात गेली त्या रात्री मी अंथरुणात पडून त्या पक्ष्याला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. त्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही, हेही सांगून टाकते.

आता मी सोलापुरात राहते. हे बँकेत आहेत, मुलगा नववीत. मी बी. ए. झाले ती मावशीकडे राहून. बी. एड. राहूनच गेलं, म्हणून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी स्वयंपाक, दुपारी पाचवी ते सातवीचं मराठी आणि इतिहास. गेल्या श्रावणात मुख्याध्यापकांनी सातवीच्या सहलीचं काम माझ्या गळ्यात घातलं. ठिकाण, नान्नज! बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य म्हणतात ते इथलंच. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे हसत सुटले. म्हणाले, "अण्णा असते तर तुला डबा करून दिला नसता त्यांनी!"

सहल छान झाली, म्हणजे डबे छान खाल्ले गेले. श्रावणातलं गवत गुडघ्याएवढं होतं. एका बाजूला काळविटांचा कळप उड्या मारत गेला आणि मुलांनी एवढा गलका केला की तो पुन्हा दिसलाच नाही. चंडोल वर वर जात गात होता. टेहळणीच्या मनोऱ्यावरून पाहिलं तर दिसलं ते असं : मध्ये गवताचे राखलेले तुकडे, आणि त्यांच्या भोवती शेतं, द्राक्षांचे मांडव, ऊस, विजेच्या तारा, लांबवर घरं. रुमालावर एक-दोन बुट्टे भरावेत आणि बाकीचा रुमाल दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं.

"बाई, माळढोक कुठंय?" हा प्रश्न चाळीस मुलांनी चाळीस वेळा विचारला. बरोबरचा वनरक्षक समजूतदार होता. तो म्हणाला, "बाळांनो, पूर्वी पावसाळ्यात इथं हमखास दिसायचे. आता एखाद-दुसराच असतो, कधी दिसतो, कधी नाही." त्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मग पक्षी नाही तर अभयारण्य कुणाचं?"

वनरक्षक माझ्याकडे बघायला लागला आणि मी मनोऱ्याच्या पायऱ्यांकडे. मुलांना उत्तर देता आलं नाही की मास्तरणीला रात्री झोप लागत नाही, हे माझ्या व्यवसायभगिनींना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात जायला लागले. महिनाभर गेले. आणि माझ्या माहेरच्या शिवीचा उगम मला चाळीशीच्या उंबरठ्यावर कळला.

सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजच्या माळावरच्या या पक्ष्याकडे लोकांचं आणि सरकारचं लक्ष वेधलं. पक्षी दुर्मिळ होत चालला होता, तेव्हा त्याला राखायलाच हवा होता, त्यात शंका नाही. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं असेल? ८,४९६ चौरस किलोमीटर! मैत्रिणींनो, आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरली असती. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, तिकडे कर्जत, श्रीगोंदे, नेवासे... नकाशावर रेघ ओढली आणि त्या रेघेच्या आत गावं, बाजार, शाळा, पिढ्यानपिढ्यांची खासगी शेतं, सारंच आलं. त्यातली सरकारच्या ताब्यातली गवताची जमीन त्यामानानं अगदी थोडी होती.

सुरुवातीला कुणाला पत्ताही नव्हता. कायदा फायलीत आणि माणसं शेतात. पुढे नियम कडक होत गेले, कोर्टाचे आदेश आले, आणि मग सातबाऱ्याकडे बोट दाखवून खरेदी-विक्री अडायला लागली. घरासाठी बिगरशेती परवाना नाही, कारखान्याला मंजुरी नाही, रस्ता रुंद करायचा तर कागद थेट दिल्लीला. हे सारं कुणासाठी, तर एका पक्ष्यासाठी, आणि त्या अवाढव्य टापूतल्या बहुतेक गावांत तो पक्षी कुणी जन्मात पाहिला नव्हता.

आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं फार कडक होतं, असं सासूबाई सांगतात. देवघरापुरतं नाही, सगळं घर सोवळ्यात! मग काय व्हायचं, सुना पाठ वळली की लोणच्याच्या बरणीत तसाच हात घालायच्या, आणि खुद्द देवघरातसुद्धा कुणी मनापासून पाळत नसे. सासूबाईंच्या हाती घर आल्यावर त्यांनी देवघर आणि शेजारचं कोनाडं एवढंच सोवळ्यात ठेवलं, बाकी घर मोकळं. तेव्हापासून कुणी मोडलं नाही. माळढोकच्या बाबतीत आपण आजेसासूबाईंचं सोवळं केलं, असं मला वाटतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला वाचताना हळूहळू उमगली. पक्षी दिसणं हेच लोकांना संकट वाटायला लागलं. माळढोक शेतात उतरला तर जमीन जाईल, अशी भीती. मग तो दिसला तर सांगायचं कशाला? हुसकलेला बरा. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून गाव आहे. तिथं १९८१ साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तेही लोकांच्या शेतजमिनीवर. व्यवहार अडले, काळवीट वाढून पिकं खायला लागले, लोक चिडले, आणि १९९० च्या दशकात तिथला माळढोक संपला. पुढे ते अभयारण्यच रद्द करण्यात आलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांनी करेरा आणि नान्नज दोन्हीकडे या पक्ष्यांचा अभ्यास केला होता.

आमच्याकडे कज्जा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ च्या सुमारास हद्द कमी झाली. ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटर. आमचं गाव बाहेर पडलं. त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. मी तेव्हा बाळंतपणानंतर माहेरीच होते, तान्ह्याला मांडीवर घेऊन मीही एक पेढा खाल्ला.

पण तेहतीस वर्षं निघून गेली होती. आणि त्या तेहतीस वर्षांत माळढोकचं घर कुणी मोडलं, म्हणाल तर रेघेनं तेही वाचवलं नव्हतं. हे मला आधी अजिबात ठाऊक नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपली सोलापूरची ज्वारी रब्बीची. मालदांडी, जी मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली आणि आजही पुण्या-मुंबईच्या बायका नाव घेऊन मागतात ती. तिची पेरणी पावसाळा सरता सरता होते. म्हणजे आषाढ, श्रावण, भाद्रपद हे महिने शेत मोकळं, कुळव फिरवून ठेवलेलं. आणि नेमके हेच माळढोकच्या विणीचे महिने! नर गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून 'हूम' असा खोल आवाज काढत उभा राहतो, मादी उघड्या माळावर, गवताच्या आडोशाला, जमिनीवरच अंडं घालते. अंडं एकच. ते उबवणं, पिल्लू वाढवणं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. (नर लक्षही देत नाहीत. इथे मी काही बोलत नाही, ह्यांनी लेख वाचायचा आहे.) तेव्हा माळ, पडीक तुकडे आणि रब्बीची मोकळी शेतं मिळून तिचा संसार चाले. माणूस आणि पक्षी एकाच शेतात पाळीपाळीनं राहत होते, कुणी न ठरवता.

मग उजनीचं पाणी आलं. पाणी आलं ते बरंच झालं. दुष्काळात टँकरच्या रांगेत ज्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्यापुढे मी पाण्याविरुद्ध एक अक्षर काढणार नाही. पण पाण्याबरोबर ऊस आला. ऊस बारा-पंधरा महिने उभा, डोक्याच्या वर. ज्या पक्ष्याला चहूकडे लांबवर दिसलं तरच जीव सुरक्षित वाटतो, तो उसात काय करणार? अभयारण्याच्या रेघेनं अक्काचा माळ विकू दिला नाही, पण उसाला, विहिरींना, तारांना तिनं अडवलं नाही. अडवायला कुणी बसलंच नव्हतं. जमीन विकायची असेल तरच कागद हलत होता.

आणि जो माळ उरला, त्यावर आपण झाडं लावली! होय, आपण. नान्नजला दुष्काळी कामांतून गवताचे तुकडे राखले गेले, त्यानं भलं झालं. पण सोलापूर काय, आणखी कुठं काय, 'उजाड' माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ लावायची हौस सरकारी खात्यांना होती आणि आम्हा शाळांनाही होती. दर जुलैत मी मुलांना रांगेनं माळावर नेऊन खड्ड्यात रोपं लावायला लावली आहेत, फोटोही आहेत. गवताळ माळाला झाड म्हणजे अडचण, हे मला कुणी शिकवलं नाही. सरकारी दप्तरात माळाला शब्द आहे 'पडीक'. तो शब्द वाचून मला माझा स्वतःचा अर्ज आठवला. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहिताना कारकून सहज म्हणाला होता, "काही करत नाहीत ना? मग गृहिणी लिहा."

गणपती झाल्यावर मी माहेरी गेले. अण्णा २०१८ साली गेले, आता आई भावाजवळ असते. दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी सहलीचं सांगितलं, वाचलेलं सांगितलं, मोबाईलवर माळढोकचा फोटो दाखवला. आईनं चष्मा लावून तो लांब धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "व्हय, ह्योच. आपल्या शेतात बसला व्हता."

मी उडालेच!

"तू पोटात व्हतीस तवा. नागपंचमीच्या पुढं-मागं. माळाच्या कडंला आपलं ज्वारीचं रान मोकळं व्हतं. मी शेण्या आनायला गेल्ते. ही अशी मोठी पाखरीन उठली, लंगडत लंगडत लांब चालली. म्हटलं, लंगडतीया म्हंजे काहीतरी लपवतीया. बघितलं तर एकच अंडं, गवतात."

दुसऱ्या दिवशी त्या रानात कुळव चालायचा होता. आई सातव्या महिन्यातली, घरची धाकटी सून, सासऱ्यांपुढे बोलायची सोय नाही. अण्णांना सांगावं तर ते हसणार. मग तिनं काय करावं? तिनं सासूबाईंना सांगितलं, माळाच्या कडेला मोठा नाग बघितला. झालं! नागपंचमीचे दिवस, घरात पोटुशी सून. आजीनं आजोबांना निक्षून सांगितलं, त्या कोपऱ्याला कुळव लावायचा नाही. चार-पाच पाळ्या सुटल्या. आई रोज शेण्यांचं निमित्त करून लांबून बघून यायची. महिन्याभरानं एक दिवस पाखरीण उठली ती मागं टिचभर पिल्लू घेऊनच.

"अण्णांना कधीच सांगितलं नाहीस?"

"आधी नागाचं लबाड बोल्ले म्हनून न्हाई सांगितलं. मागनं अक्काचं असं झाल्यावर कसं सांगू? म्हनले आस्ते, तूच ठिवून घेतलास की गं."

पाच पाळ्या, मैत्रिणींनो. त्या कोपऱ्यात पायली-दोन पायली ज्वारी कमी झाली असेल फार तर. मी परतीच्या गाडीत तेवढाच हिशेब करत होते. १९७९ पासून २०१२ पर्यंत कुणी एकानं जरी आमच्या दारात येऊन विचारलं असतं, की वहिनी, पक्षी कुठं बसतो, तर आईनं कोपरा दाखवला असता. त्या पाच पाळ्यांची भरपाई द्यायला काही फार मोठी तिजोरी लागली नसती. आणि रस्त्याकडेच्या तीन एकरांवर पक्षी बसत नाही, तिथं गाड्यांची वर्दळ, हेही तिनंच सांगितलं असतं. तो विकू द्या, हा राखा. आता शास्त्रज्ञही जवळजवळ हेच म्हणतात. २०१२-१३ च्या सुमारास केंद्र सरकारनं राज्यांसाठी माळढोक आणि तणमोर वाचवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हाच सूर आहे : विणीच्या जागा नेमक्या शोधून घट्ट राखा, भोवतालच्या मुलखात शेतकऱ्याला शेती करू द्या, पण कुठली शेती, तारा कुठून, रस्ता कुठून हे आधी ठरवा, आणि त्याचं नुकसान त्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकू नका. वाचताना वाटलं, हे आमच्या आईला १९८६ सालीच ठाऊक होतं. फक्त तिला नाग मध्ये घालावा लागला.

आता माझ्या पदराखालचंही सांगते, नाहीतर लेख लबाडीचा होईल. हद्द उठल्यावर २०१४ साली अण्णांनी तो रस्त्याकडेचा माळ विकला. अक्काला तिचे पैसे देताना पाकिटावर त्यांनी लिहिलं होतं, 'डी. एड. साठी'. तेव्हा अक्काची मुलगी शाळेत जात होती. अक्का पाकीट वाचून आधी हसली आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. त्या पैशांत तिनं दोन शिलाई मशिनं घेतली. पंढरपुरात तिचा शिवणक्लास आहे, चांगला चालतो. माझ्या वाट्याचे पैसे आमच्या सोलापूरच्या फ्लॅटला गेले. म्हणजे मी ज्या ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापते, तो ओटा माळाचा आहे. तिथं आता एक ढाबा आणि प्लॉटिंगचे दगड आहेत. आणि भावानं परवाच सांगितलं, आतल्या रानात, म्हणजे नागाच्या त्या कोपऱ्यात, यंदा ऊस लावतोय. त्याला मी काय सांगणार? ज्वारीत त्याचं घर चालत नाही. तिला बाजारात नीट भाव असता तर गोष्ट वेगळी होती. मी मॉलमधून ओट्स आणते, हेही त्याला माहीत आहे.

सध्या देशभरात मिळून माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात. तिथं नवीनच पेच आहे. सूर्याची आणि वाऱ्याची वीज! धूर नाही, कोळसा नाही, आपण सगळ्या जिचं कौतुक करतो ती. पण ती वाहून आणायला उंच तारा लागतात. माळढोकची नजर बाजूंना चांगली, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि अंगानं एवढा जड की ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. सगळीकडे ते जमत नाही, फार खर्च येतो, देशाला स्वच्छ वीजही हवी, असं सरकारचं म्हणणं पडलं. तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयानं तो आदेश सैल केला आणि कुठं तारा खाली घ्यायच्या, कुठं नाही, हे जागा पाहून ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. जेसलमेरकडे २०१९ पासून अंडी गोळा करून पिल्लं वाढवण्याचं काम चाललंय. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ते वाचून मी आनंदले, आणि मग मनात आलं, या पिल्लांना मोठं करून सोडायचं कुठं? त्यासाठी माळ लागेल, आणि माळाकडेला एखादी तरी बाई लागेल, नागाची थाप न मारता खरं सांगू शकेल अशी.

आमच्याकडे नान्नजला गवत अजून आहे. काळवीट आहेत, लांडगा आहे. एका माळढोकपुरता तो माळ नाही, हे मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला वर्गात सांगितलं. तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला, "बाई, त्या आजी अजून आहेत का?"

आहेत म्हटलं. गेल्या रविवारी आईला फोन केला, दसऱ्यानंतर नान्नजला नेते म्हणाले, मुलंही येतील, त्यांना सगळं सांग. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येते की. पर तिथं बसायला काही हाय का? गुडघं लई दुखत्यात. आन् येताना माझ्याकडची मालदांडी घिऊन जा दोन पायल्या, यंदा शेवटचीच हाय."